मदत हवी आहे : एकाच घरातील पाच जणांचे आतड्यांतील जिवाणूंचे अहवाल इतके वेगळे कसे?

सूक्ष्मजीवशास्त्र किंवा बालरोगशास्त्र या विषयांतील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आमच्या घरी सासूबाई (वय 68), आम्ही पती-पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि 22 महिन्यांचा मुलगा असे पाच जण राहतो. स्वयंपाक सर्वांचा एकच आणि दहीही घरच्याच विरजणाचे; तरीही मटकीची उसळ केली की सासूबाई दोनदा वाढून घेतात आणि यजमानांचे पोट मात्र रात्रीपर्यंत डब्ब राहते. याच कुतूहलापोटी यजमानांनी एका खासगी प्रयोगशाळेकडून पाचही जणांची शौचाची तपासणी करून घेतली. झाकणालाच चिमुकला चमचा जोडलेली ती नळी उजेडात धरून सासूबाईंनी विचारले, "आता हेसुद्धा कुरिअरने पाठवायचं?"

अहवालांत कोणाचेच कोणाशी जुळले नाही. मुलाच्या पानावर 'जिवाणूंची विविधता कमी' असे लाल अक्षरांत छापलेले असून, त्याच प्रयोगशाळेच्या कॅप्सूल तीन महिने देण्याचा सल्ला खाली दिला आहे. मुलीच्या वेळी माझी प्रसूती नैसर्गिक झाली होती, मुलाच्या वेळी सिझेरियन करावे लागले आणि नवव्या महिन्यात त्याला कानाच्या संसर्गासाठी प्रतिजैविकेही द्यावी लागली. त्यामुळे ते लाल अक्षर पाहून माझ्या मनात अपराधीपणाची भावना आली, हे लपवत नाही. मुलाचे वजन व वाढ व्यवस्थित असल्याचे त्याच्या डॉक्टरांनी सांगितले आहे.

त्यानंतर मी थोडे वाचन केले आणि गोंधळ वाढला. मलावी, व्हेनेझुएला आणि अमेरिका येथील 531 जणांच्या 2012 सालच्या अभ्यासात, बाळाच्या आतड्यांतील जिवाणूंची विविधता वयानुसार वाढत जाते आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत ती घडण मोठ्यांसारखी होते, असे तिन्ही ठिकाणी आढळले. आईच्या दुधात बाळाला स्वतःला न पचणाऱ्या काही जटिल शर्करा असतात व त्यांवर प्रामुख्याने बिफिडोबॅक्टेरियम या गटाचे जिवाणू पोसले जातात. म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात मोजक्याच प्रकारांचे वर्चस्व असणे स्वाभाविक आहे. माझा मुलगा अजूनही रात्री अंगावर पितो. असे असताना त्याची तुलना कोणाशी केली गेली, याचा अहवालात कोठेही उल्लेख नाही.

सिझेरियनबाबत 2019 मध्ये ब्रिटनमधील सुमारे 600 बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिझेरियनने जन्मलेल्या बाळांत सुरुवातीला बॅक्टेरॉइडीस या गटाचे आतड्यांतील जिवाणू कमी आणि रुग्णालयाच्या वातावरणात आढळणारे जिवाणू अधिक दिसले, मात्र पुढील काही महिन्यांत ही तफावत बरीच कमी झाली. मग 22 महिन्यांच्या मुलाच्या अहवालाचा संबंध जन्माच्या पद्धतीशी जोडणे कितपत योग्य आहे?

मोठ्यांचे कोडे निराळे आहे. इस्रायलमधील हजाराहून अधिक लोकांच्या 2018 सालच्या अभ्यासानुसार आनुवंशिकतेचा वाटा अल्प असून, रक्ताचे नाते नसले तरी एका घरात राहणाऱ्यांचे जिवाणू अधिक मिळतेजुळते असतात. या हिशेबाने सासूबाई आणि मी सारख्या निघायला हव्या होत्या! पुण्यातील संशोधकांनी 2012 मध्ये दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांचा अभ्यास केला होता; त्यात एका छपराखाली राहूनही वयानुसार फर्मिक्युटीस आणि बॅक्टेरॉइडीटीस या जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचे परस्परप्रमाण बदललेले दिसले. आमच्या घरातील फरकाचे कारण वय असू शकते का, की सासूबाईंचे बालपण खेड्यात, ज्वारीच्या भाकरीवर आणि आडाच्या पाण्यावर गेल्याचा परिणाम साठ वर्षांनंतरही टिकतो?

शिवाय भारतीयांच्या आतड्यांत प्रेव्होटेला हा जिवाणूंचा प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो, असे अनेक ठिकाणी वाचले. यजमानांच्या अहवालात नेमके तेच 'प्रमाणाबाहेर' ठरवले आहे. पाश्चात्त्य आहार घेणाऱ्यांच्या नमुन्यांवरून प्रमाण ठरवले असेल तर असे होऊ शकेल का, आणि प्रयोगशाळेला याविषयी नेमके काय विचारावे?

कॅप्सूल मागवण्यास रविवारपर्यंत थांबण्याचे यजमानांनी कबूल केले आहे, त्यामुळे त्यापूर्वी उत्तर मिळाल्यास फार उपकार होतील.