मदत हवी आहे : टेलिग्राफ, टेलिग्राम, वायर, केबल – सगळीकडे 'तार'च लिहायचं का?

मुंबईतल्या एका कापूस व्यापाऱ्याची १९३०च्या सुमाराची इंग्रजी पत्रं मराठीत आणते आहे. वरचे चारही शब्द एकाच पत्रात येतात. शिवाय पत्राच्या माथ्यावर 'ग्रॅम्स :' आणि पुढे एकच शब्द आहे, पैशांच्या उल्लेखात 'टी. टी.' आहे. कसं लिहावं?

प्रतिसाद १
टेलिग्राफ ही यंत्रणा, टेलिग्राम हा तिच्यावरून आलेला निरोप. 'टेलिग्राफ' क्रियापद म्हणून आला तर 'तार करणे'. आपली 'तार' मात्र धातूची तार, सेवा आणि निरोप तिन्हींना पुरते, म्हणून मराठीत क्रियापद चोख हवं : तार केली, तार आली, तार तुटली.

एक खबरदारी घ्या. टेलिग्राफ हा शब्द विजेच्या तारेहून जुना आहे. क्लॉद शाप यांनी फ्रान्समध्ये मनोऱ्यांवर हलते लाकडी हात बसवून खुणांनी निरोप पोचवले. पॅरिस ते लील ही साखळी १७९४ साली चालू होती. त्या काळातल्या मजकुरात 'तार' लिहिलंत तर सपशेल चूक, तिथे तारच नव्हती! 'टेलिग्राम' हा शब्द १८५२ साली अमेरिकेत रूढ होऊ लागला.

प्रतिसाद २
वायर म्हणजे बोलीतला टेलिग्रामच. तिथे खुशाल 'तार' लिहा. केबल म्हणजे समुद्राखालून आलेली. मुंबई १८७० साली अशा तारेने सुएझमार्गे ब्रिटनला जोडली गेली. लिव्हरपूलहून आलेल्या केबलला 'विलायतेची तार' म्हणा; नुसतं 'केबल' ठेवलंत तर वाचकाला टीव्ही आठवेल.

'ग्रॅम्स' म्हणजे तारेचा पत्ता. पैसे शब्दागणिक पडत आणि पत्त्याचे शब्दही मोजले जात, म्हणून पेढ्या एका शब्दाचा पत्ता तार ऑफिसात नोंदवून ठेवत. तो शब्द भाषांतरित करू नका, जसाच्या तसा ठेवा.

टी. टी. म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर, तारेने पाठवलेली रक्कम. परकीय चलनाच्या दरपत्रकात 'टीटी बाइंग' आजही दिसतं.

मूळ प्रश्नकर्ती
फार उपयोग झाला. आता एका तारेवर अडले आहे : 'बेल्स नॉट रेडी स्टॉप शिपिंग फ्रायडे'.

प्रतिसाद १
तारेत 'स्टॉप' हा पूर्णविरामाच्या जागी येई. तसं धरलं तर : 'गाठी तयार नाहीत. शुक्रवारी रवाना करतो.' तोच शब्द आज्ञार्थी धरला तर : 'गाठी तयार नाहीत, शुक्रवारची रवानगी थांबवा.' अर्थ पार उलटा. त्याच माणसाच्या बाकीच्या तारा काढून बघा. दोन वाक्यांच्या मध्ये तो नेहमी 'स्टॉप' घालत असेल तर पहिला अर्थ. तरी खात्री जहाजाच्या बिल्टीवरच्या तारखेवरून करा. तोवर मूळ ओळ तळटीपेत ठेवा.