डिअर सीझनसाठी बारा बोअरच्या बंदुकीवर कोणती साईट (नेम धरायचं साधन) घ्यावी? (ओहायोत, इथं नाही!)

धरमपेठी 52
नमस्कार मंडळी. पेंच-ताडोबाची गोष्ट नाही हे आधीच सांगून ठेवतो, इथं 1972 चा वन्यजीव कायदा आहे आणि तो बरोबरच आहे. साळा अमेरिकेत ओहायोत राहतो, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी तिकडं डिअरचा गन सीझन, म्हणजे बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा हंगाम लागतो, यंदा भाऊजी तुम्ही पण चला म्हणते. त्याच्याकडं बारा बोअरची पंप बंदूक आहे, आतून गुळगुळीत नळी, टोकाला फक्त एक मक्खी, म्हणजे नेमाचा मणी. साईट तुम्ही पसंत करा, मी बसवून ठेवतो म्हणे. आता मी आजोबाच्या दुनाळीवर हात फिरवलेला माणूस, मक्खी दिसली की नेम झाला एवढंच माहीत. चाळिशी लागून दहा वर्षं झाली. स्कोप (दुर्बीण), रेड डॉट (काचेत लाल ठिपका दिसते ती) की मक्खीच राहू द्यावी? व्हिडिओ पाहून पाहून डोकं आउट झालं बावा.

बर्डीवाला, सध्या ओहायो
भाऊ पहिले नळी पाहा मग साईट. गुळगुळीत नळीतून फॉस्टर स्लग (छर्रे नाही, एकच जाड गोळी) चालते, तिचा भरवसा 50, फार तर 75 यार्ड, आणि इथल्या झाडीत हरीण दिसतंही तेवढ्यातच. त्याला 3-9 चा, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा स्कोप कशाला? माझा 9 वर राहून गेला होता, हरीण निघालं 20 यार्डावर, काचेत नुसते तपकिरी केस, मान कुठं शेपूट कुठं काही समजेना, तोवर ते गेलं. रायफल्ड नळी (आतून पिळाच्या खाचांची) आणि सॅबो स्लग (प्लॅस्टिकच्या खोळीतली) असती तर 100 च्या पुढं जाता आलं असतं, तिथं 2-7 चा स्कोप ठीक आहे. तुम्ही रेड डॉट घ्या.
मक्खीवर मात्र राहू नका. छर्रे पसरतात म्हणून तिथं चालून जाते, स्लग म्हणजे एकच गोळी. गाल लाकडावरून जरासा उचलला गेला की गोळी वरून जाते अन् माणूस काडतुसाला शिव्या देते.
आणि टुरिस्ट व्हिसावर असाल तर हंटिंग लायसन्स हातात आल्याशिवाय बंदुकीला हातच लावू नका, इथला केंद्राचा कायदा आहे.

दहा मीटर
रेड डॉट म्हटलं की सगळे उड्या मारतात, डोळ्याचं कोणी विचारत नाही. चष्म्यात सिलिंडरचा नंबर (ॲस्टिग्मॅटिझमचा) असेल तर डॉट गोल दिसतच नाही, स्वल्पविराम दिसते नाहीतर द्राक्षाचा घड. दुकानात मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहायचं, फोटोत गोल आला म्हणजे माल चांगला, खोट तुमच्या डोळ्यात.
डॉटचा आकारही पाहा. तो एमओए या मापात सांगतात, 1 एमओए म्हणजे 100 यार्डावर जवळपास एक इंच, म्हणजे 4 चा डॉट 50 यार्डावर दोन इंच झाकते, हरणाच्या छातीसाठी पुष्कळ झालं. डॉट नाहीच जमला तर घोस्ट रिंग, मागच्या गोल कड्यातून फक्त पाहायचं, कड्याकडं पाहायचंच नाही, चाळिशीवाल्यांना बरी पडते. स्कोप घेतलाच तर डोळ्यापासून साडेतीन-चार इंच अंतर मिळालं पाहिजे. ओळखीतल्या एकाच्या भुवईवर स्कोपच्या कडीचा अर्धचंद्र आहे, बायको त्याला टिकली म्हणते.

जुना मिस्त्री
बसवणार कशावर ते विचारा न पहिले. बंदुकीच्या वर स्क्रूची भोकं पाडलेली असतील तर रेल (साईट अडकवायची पट्टी) बसते, नाहीतर गनस्मिथकडं जा. पंपाची नळी साफसफाईला काढून परत लावली की केसभर इकडं-तिकडं होते, म्हणून रायफल्ड नळ्यांवर रेल नळीलाच जोडून देतात, कँटिलिव्हर म्हणतात त्याला, साईट नळीसोबतच राहते. तुमच्याकडं ते नसलं तर नळी लावल्यावर पुन्हा दोन-तीन गोळ्या मारून पाहणं आलं. आणि झीरो (नेम अन् गोळी जुळवणं) त्याच स्लगनं करा जी शिकारीला नेणार, दुसऱ्या कंपनीची घेतली की गोळी दुसरीकडंच पडते.

धरमपेठी 52
काल रात्री लाईट बंद करून सेट टॉप बॉक्सचा लाल दिवा पाहिला. चष्मा काढून स्वल्पविराम, अगदी शाळेतल्या पुस्तकासारखा! दूरच्या नंबरचा घातला तर गोल. म्हणजे 4 चा डॉट, आणि चष्मा विसरायचा नाही. साळ्याला फोन केला, वर भोकं आहेत का बघ, तर म्हणते मला काय माहीत, पंप माळ्यावर आहे, ऑफिसातून आल्यावर पाहतो. वरून सांगते नारिंगी जॅकेट घालावंच लागेल, नियम आहे. म्हटलं आम्ही नागपूरचे, तो रंग आम्हाला नको शिकवू.