प्रतिसाद: आधी शब्द, मग बासरी
बासरीवर अभंग वाजवायचा तर स्वर पुरेत, शब्द कशाला पाठ करायचे, असा मुद्दा वर कुणी मांडलाय; तो मला पटला नाही. श्वास कुठे घ्यायचा ते शब्दच सांगतात. ‘मोठा अभंग’ हा छंद घ्या: सहा-सहा-सहा-चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाअखेर. शब्द येत नसतील तर ‘विठ्’ एका श्वासात अन् ‘ठल’ दुसऱ्यात! व्यंजनावर जिभेचा हलका आघात, लांबलेल्या स्वरावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता सरकणं), हेही त्यातूनच सुचतं. विलायत खाँ तर सतार वाजवताना मध्येच बंदिश, म्हणजे रागातली शब्दरचना, गाऊन दाखवत.

आम्हां नाशिककरांना तर सोपंच आहे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत जा, दिंडीत टाळकऱ्यांबरोबर अभंग मोठ्याने म्हणा. नोटेशन (स्वरलिपी) नंतर लिहा. (बेसूर झालात तरी टाळांत कुणाला कळत नाही.)