पुण्यातलं डेक्कनचं लकी हॉटेल आठवतंय का? तुमच्या आठवणी सांगा

डेक्कनला आता आर डेक्कन मॉल आहे ना, तिथे आधी नटराज टॉकीज होतं, त्याच्याही आधी त्याचंच नाव हिंदविजय, आणि तिथेच लकी. इराण्याचं हॉटेल. डेक्कनचंच दुसरं इराणी हॉटेल गुडलक १९३५ पासून अजून चालू आहे त्यामुळे ते सगळ्यांना माहितीये, लकी मात्र आजच्या पोरांना सांगूनही डोळ्यासमोर येत नाही म्हणून सगळ्यांना विचारतोय. माझी आधी सांगतो. ८४ साली साताऱ्याहून शिकायला आलो, रविवारी रात्री मेस बंद, मग बन मस्का आणि चहावर भागवायचं. एका चहावर दीड तास बसलो तरी कोणी उठवलं नाही. परक्या गावात ते फार होतं हो.

*

आम्ही बीएमसीसी कॉलेजचे, मॅटिनी सुटली की थेट लकी. मी ब्रूनवाला. ब्रून पाव वरून कडक, चहात बुडवला की नरम पडायचा आणि चहावर मस्क्याचे पिवळे थेंब तरंगायचे. इराण्याकडे चहाचं पाणी वेगळं उकळत असतं, दूध वेगळं, दोन्ही कपातच एकत्र येतात, म्हणून ती चव घरी येत नाही, मी खूपदा करून बघितलंय.

*

आमचा बघण्याचा कार्यक्रम नारायण पेठेत, घर माणसांनी भरलेलं, एक शब्द बोलता आला नाही. आठ दिवसांनी ह्यांनी बाबांना रीतसर विचारून मला लकीत नेलं, सोबत धाकटा भाऊ, त्याला मावा केक देऊन शेजारच्या टेबलावर बसवलं. ह्यांनी पहिलंच विचारलं, "नोकरी चालू ठेवायचीये ना तुम्हाला?" माझं तिथेच ठरलं. आता हे नाहीत. मॉलवरून जाताना पाय थांबतातच.

*

लकी बंद झालेलं मी पीएमटी बसमधून बघितलं, नेहमीच्या जागी पत्रे ठोकलेले. डेक्कनसारख्या ठिकाणी चहा-बन विकून जागेचा भाव निघत नाही हे कळतं, तरी त्या दिवशी स्टॉप आला तरी उतरलो नाही, पुढे गेलो.

*

बाबा रोज सकाळी तिथे जायचे. लकी गेल्यावर त्यांचं फिरणंच कमी झालं. मग एका रविवारी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात मला तशीच खुर्ची दिसली, वाकवलेल्या लाकडाची, काळी. कुठल्या हॉटेलातली ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. घेतली. बाबांनी पाठीवरून हात फिरवला, बसले, म्हणाले, "चहा आण, आणि खारी असेल तर बघ."