यांत्रिक हाताच्या बोटांना अंतर-सेन्सर लावावेत की स्पर्श-सेन्सर?

धागाकर्ता, फोंडा
थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या पाच बोटांच्या हाताला मी सेन्सर जोडत आहे. माझे मत असे, की प्रत्येक बोटाच्या टोकाला व्हीएल५३एल०एक्स हा लेझर अंतर-सेन्सर लावावा; वस्तू जवळ येत असल्याचे आधीच कळले, तर बोटे हलवणाऱ्या सर्व्हो मोटरचा वेग वेळीच कमी करता येतो आणि स्पर्श ओळखण्याची फारशी गरज उरत नाही. पाचही सेन्सरांचा मूळ पत्ता, म्हणजे सर्किटमधला ओळखक्रमांक, एकच असला, तरी त्यांना एकेक करून चालू करत वेगळे पत्ते देता येतात.

प्रतिसाद, म्हापसा
या मताला माझा स्पष्ट विरोध आहे. अंतर कळले म्हणजे पकड कळली असे होत नाही. हा सेन्सर २ मीटरपर्यंतचे अंतर मोजतो खरा, परंतु अगदी जवळच्या दोन-तीन सेंटीमीटरांत त्याच्या मापावर विसंबता येत नाही, आणि पकडीचा सगळा निर्णय तर तिथेच व्हायचा असतो. काचेचा पेला समोर धरून पाहा: किरण बहुतांशी काचेतून आरपार जातो आणि हात पेल्याऐवजी मागच्या भिंतीचे अंतर मोजत राहतो. पिकलेला मानकुराद आंबा उचलायचा, तर तो किती दाबला गेला हेच कळायला हवे. त्यासाठी एफएसआर, म्हणजे दाबानुसार विद्युत रोध बदलणारी चकती घ्यावी. दाब नसताना तिचा रोध मेगाओहममध्ये असतो, दाबल्यावर तो काही किलोओहमपर्यंत उतरतो. सोबत १० किलोओहमचा रोधक जोडला, की आर्डुइनो या नियंत्रक बोर्डाची, व्होल्टेज मोजणारी एक अ‍ॅनालॉग पिन पुरते.

प्रतिसाद, मडगाव
स्पर्श आधी, हे मान्य. एफएसआर मात्र नको. बोटाच्या गोलाईवर चिकटवताना चकती वाकते आणि काही न धरताही दाब दाखवते. धरलेली वस्तू तशीच असली तरी आकडा हळूहळू सरकत जातो. शिवाय तिच्या आत हवा ये-जा करण्यासाठी बारीक वाट असते, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तिथूनच ओल शिरण्याची भीती आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी हवेचा दाब मोजणारी चिप रबरात बसवून स्पर्श-सेन्सर तयार केला होता. त्याच धर्तीवर बीएमपी२८० हा हवेचा दाब मोजणारा सेन्सर सिलिकोनमध्ये ओतावा. मात्र ओतताना निर्वातात बुडबुडे काढावेत, म्हणजे सिलिकोन चिपच्या छिद्रात नीट उतरते.

धागाकर्ता, फोंडा
काचेचा मुद्दा बिनतोड आहे, त्यामुळे बोटांच्या टोकांना स्पर्श-सेन्सरच बसवीन. तरीही तळव्यातला एक अंतर-सेन्सर मी सोडणार नाही, कारण बोटे केव्हा मिटायला लागावीत हे स्पर्श-सेन्सर सांगू शकत नाही.

प्रतिसाद, म्हापसा
तळव्यात अवश्य ठेवावा. मात्र बीएमपी२८० ला दोनच पत्ते मिळतात. पाच बोटांसाठी आयटूसी मल्टिप्लेक्सर, म्हणजे एकाच पत्त्याचे सेन्सर आळीपाळीने जोडणारी चिप, लागेल आणि प्रत्येक बोटातून चार तारा सांध्यांमधून ओढाव्या लागतील. एफएसआरच्या दोनच असतात. बोटाची पोकळी किती रुंद आहे, ते आधी मोजावे.