एमए सायकॉलॉजी झालं, आता स्ट्रेस-हेल्थ कोचिंग करायचंय, गावाकडे जमेल का?

दारव्ह्याची_लेक
नमस्कार, मी यवतमाळ जिल्ह्यातली, अमरावती विद्यापीठातून सायकॉलॉजीत एमए केलं, सध्या शाळेत समुपदेशक आहे. पोरांशी बोलता बोलता दिसतं की खरा ताण घरी आहे, बापाला बीपी आहे पण गोळी घेत नाही, आईला झोप नाही, मोठा भाऊ दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो, आणि हेच लोक मीटिंगला आले की बाजूला घेऊन विचारतात मॅडम आमच्यासाठी पण काही सांगा ना. म्हणून मला मोठ्या माणसांसोबत ताण आणि तब्येत सांभाळायचं काम करायचंय. नेटवर कोर्स भरपूर आहेत पण फी बघून पोटात गोळा येतो. क्लिनिकलचं एम.फिल. लागतंच का? आणि गावात लोक येतील का, इथे तर सायकॉलॉजिस्टकडे गेलं म्हणजे डोक्यावर परिणाम झाला असंच समजतात.

सेलूचा_मानसमित्र
ताई, मी हॉस्पिटलमध्ये सायकॉलॉजिस्ट होतो, आता जास्त काम हेच करतो म्हणून सविस्तर लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं असेल तर आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन लागतं, १९९२ चा कायदा आहे त्याचा, बरीच वर्षं नेहमीचा रस्ता दोन वर्षांचं एम.फिल. हाच होता, आता काय लागतं ते त्यांच्याकडेच विचारा. कोचिंगला मात्र आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून कोणीही बोर्ड लावतो, आणि म्हणूनच आपली हद्द आपणच आखून घ्यायची. झोप, चालणं, गोळ्या वेळेवर घेणं, खर्रा-दारू कमी करणं, रोजचा ताण हे आपलं काम. पण दोन आठवडे माणूस सतत उदास आहे, जेवण तुटलंय, जगून काय करू म्हणतो, तर कोचिंग थांबवायचं आणि सायकिॲट्रिस्टकडे स्वतः सोबत जाऊन पोचवायचं, चिठ्ठी देऊन मोकळं व्हायचं नाही.

कोर्सचं म्हणाल तर इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीलासुद्धा ६० तासांचं ट्रेनिंग आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, त्यामुळे शनिवार-रविवारमध्ये सर्टिफिकेट देणाऱ्यांना पैसे देऊ नका. माझ्या मते त्याआधी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग नीट शिका, मिलर आणि रोलनिक यांची पद्धत आहे, त्यात तुम्ही सल्ला देत नाही, माणसाला त्याच्याच तोंडून बोलू देता की हे का बदलायचंय. मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच झाला. खर्रा सोड म्हणून घरचे वर्षानुवर्षं सांगतच असतात, त्यानं काही होत नाही, पण सुटला तर तुला काय मिळेल असं विचारलं की माणूस थांबून विचार करतो. आणि कोणी सीनियर शोधा जो दर महिन्याला तुमच्या केसेस ऐकेल, हे कोर्सपेक्षा महत्त्वाचं.

आशाताई_घाटंजी
मॅडम मी आशा वर्कर हाव. लोकं येतीन का म्हणता तं बोर्ड लावून नाई येत, खरं सांगतो. आमच्या आरोग्य केंद्रात तीस वर्षाच्या वरच्याईचं बीपी-शुगर तपासतेत, तिथं येऊन बसा तुमी. बाई बीपीसाठी येते अन् मंग हळूच सांगते का झोप नाई लागत, जीव घाबरा होते. तिले मन-बिन म्हणू नका, झोपीचंच बोला. केंद्राच्या आरोग्य अधिकारी, सीएचओ मॅडमले भेटा, त्या नाई म्हणनार नाईत. अन् बचत गटाच्या मीटिंगा हायेत ना, तिथं बाया मोकळ्या बोलतेत.

कोरडवाहू_भाऊ
मले एक विचाराचं हाय, राग नका मानू. सोयाबीन पिवळं पडलं, पऱ्हाटीवर बोंडअळी, सोसायटीचं कर्ज थकलं, अन् कोनी येऊन म्हनते का दीर्घ श्वास घ्या. श्वासानं कर्ज फिटते काय? आमच्या गावात एका कार्यक्रमात असंच झालं, लोकं उठून गेले.

सेलूचा_मानसमित्र
@कोरडवाहू_भाऊ एकदम बरोबर आहे तुमचं, आणि ज्याला हे काम करायचं त्यानं हे सगळ्यात आधी समजून घ्यायला पाहिजे. कर्जाचा ताण हा माणसाच्या विचारातला दोष नाही, तसं सांगणारा कोच नुकसान करतो. पण कर्ज आहेच, त्यात झोप गेली, दारू वाढली, बीपीची गोळी बंद झाली तर बँकेत जाऊन बोलायची ताकदही राहत नाही, तेवढी ताकद टिकवणं आपल्या हातात आहे. म्हणून पीक विम्याची तक्रार कुठे करायची, कर्जाचं पुनर्गठन कोणाला विचारायचं हे कोचला माहीत पाहिजे. दुबार पेरणीच्या दिवसांत तर मी श्वासाचं काढतच नाही. आणखी एक, ज्या घरात माणूस खचलाय तिथे फवारणीचं औषध कुलपात ठेवायला सांगायचं, किल्ली दुसऱ्याकडे, यानं जीव वाचतात.

हे आपल्याच भागात करून पाहिलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्राम, गावातल्याच माणसांना ट्रेनिंग देऊन, वर सायकिॲट्रिस्ट ठेवून. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के. २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिॲट्रीत आलं. म्हणजे लोक येतात, त्यांच्यापर्यंत जाणारं कोणी पाहिजे.

दारव्ह्याची_लेक
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, आशाताई तुमचं तर फारच. क्लिनिकलची तयारी सोडणार नाही, पण तोवर आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस बसायचं विचारते. फीचं काय करू सर? आणि रात्री-बेरात्री कोणाचा फोन आला तर?

सेलूचा_मानसमित्र
केंद्रात आणि बचत गटात फी घेऊ नका, शाळेची नोकरी चालू ठेवा. तालुक्याच्या गावी दुकानदार, शिक्षक, बँकवाले येतील त्यांच्याकडून घ्या, त्यांचाही ताण कमी नसतो. रात्रीसाठी प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पहिल्याच दिवशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ सेव्ह करून द्या, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. एकदा स्वतः लावून बघा म्हणजे लोकांना सांगता येईल पलीकडून काय विचारतात ते. आणि यवतमाळच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमला आधीच भेटून ठेवा, गरज पडेल तेव्हा ओळख शोधत बसू नका.

आशाताई_घाटंजी
मंगळवारी या मॅडम, त्या दिवशी बाया जास्त राह्यतेत. डबा आनू नका, मी आनतो.