'तूर्तास' म्हणजे लगेच की सध्यापुरतं?

पागोळी (रत्नागिरी): स्पर्धा परीक्षेच्या वर्गासाठी टिपणं मराठीत करतेय. बांगलादेशच्या पदच्युत पंतप्रधान शेख हसीना ५ ऑगस्ट २०२४ ला ढाक्याहून निघून गाझियाबादजवळ हिंडन तळावर उतरल्या. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर संसदेत म्हणाले की त्यांनी ऐनवेळी, 'फॉर द मोमेंट' भारतात येऊ देण्याची विनंती केली. मी लिहिलं, 'तूर्तास येण्याची परवानगी मागितली.' सरांचा तांबडा शेरा: तूर्तास म्हणजे ताबडतोब, अर्थ बदलला. आमच्या घरी तर तूर्तास म्हणजे सध्यापुरतं. कोण बरोबर?

दर्यावर्दी: सर अगदीच चुकले नाहीत. तूर्त हा त्वरेच्या कुळातला, हिंदी तुरंतचा चुलतभाऊ. आजी 'तूर्त ये' म्हणाली की हातातलं टाकून पळायचं. आज मात्र सगळे 'सध्या' म्हणूनच वापरतात. त्या विनंतीत घाई होती नि सध्यापुरतंही होतं. दोन्ही एका शब्दात फुकट मिळतंय, सोडू नका.

शुद्धमती: आधी 'परवानगी' काढा. फारसी आहे. 'अनुमती' लिहा. रत्नागिरीत बसून हे सांगावं लागतं! सावरकरांची भाषाशुद्धी तिथलीच ना?

दर्यावर्दी: ते तिथे १९३७ पर्यंत स्थानबद्ध होते हो. 'अनुमती' तेव्हा सरकारकडे मागावी लागे.

चिरेखाण (कुडाळ): तूर्तासचा अर्थ मला विचारा. शेजारी म्हणाला, "चिरे तुझ्या गडग्याक लावन ठेवतंय, चार दिसांनी नेतंय." सात पावसाळे झाले. शेवाळ चढलं, वर नेचे उगवले, मधल्या फटीत मुंगूस राहतं. परत मागायची मलाच लाज वाटते.

पागोळी: 😀 पण काका, माझा दुसरा प्रश्नही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याच्या न्यायाधिकरणाने हसीनांना फाशी सुनावली. त्यावर आपलं परराष्ट्र मंत्रालय म्हणालं, निकाल 'नोटेड'. नोंद घेतली की दखल घेतली?

दर्यावर्दी: नोंद! दखल घेतली की पुढे काहीतरी करावं लागतं. हसीनांना परत पाठवा असं बांगलादेशचं प्रत्यार्पणाचं पत्र डिसेंबर २०२४ मध्ये आलं, तेव्हाही 'पोचलं' एवढंच सांगितलं. तलाठीसुद्धा अर्जावर पोच देतो, म्हणून सातबारा मिळतो का? शिवाय हिंदीत दखल म्हणजे ढवळाढवळ. उद्या कुणी उलटं भाषांतर केलं तर शेजारी भडकतील.

हापूसप्रेमी: तूर्तासचं सर्वांत मोठं उदाहरण रत्नागिरीतच आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा! १८८६ मध्ये आला, राजवाड्यात राहायला जाईपर्यंत जवळजवळ पंचवीस वर्षं गेली, १९१६ मध्ये तिथेच वारला.

शुद्धमती: 'आला' नव्हे, 'आणला'. इंग्रजांनी मंडाले घेऊन पकडून आणला. हसीना 'आल्या'. क्रियापदात सगळं राजकारण आहे.

दर्यावर्दी: हे मात्र बिनतोड. परवानगी माफ.

हापूसप्रेमी: मग सरळ 'आसरा दिला' लिहा की. दलाई लामांना १९५९ मध्ये दिला तसा.

पागोळी: नको, सरकारने तो शब्द टाळलाय, मी कसा घालू?

चिरेखाण: आसरा आमच्याकडे पाण्यात असतात. साती आसरा. विहिरीवर तिन्हीसांजेला जायचं नाही.

शुद्धमती: त्या अप्सरा. हा आश्रय. दोन वेगळे शब्द.

चिरेखाण: आमच्या आत्येला दिसली होती एक, हिरव्या लुगड्यात. सांगू?

हापूसप्रेमी: सांगा सांगा.

पागोळी: मला उद्या अकराला टिपणं द्यायची आहेत...

चिरेखाण: तर विहीर होती मांगराच्या मागे.